न सांडलेलं तेल

आलापल्लीच्या आमच्या मिस्त्रींना गिऱ्हाइकाने गाडीचं दुखणं सांगितलेलं मुळीच चालत नसे. "मिस्त्री, गाडी तेल गळते," एवढं कोणी म्हणालं, की ते हात वर करून त्याला थांबवत. "तुम्ही काई सांगू नोका. तुम्ही सांगान अन् मी फसन. गाडी सांगते मले." मग गिऱ्हाइकाला समोरच्या चहाच्या टपरीवर पिटाळून ते गाडीभोवती दोन फेऱ्या मारत, खाली वाकत आणि कुठेतरी बोट लावून त्याचा वास घेत. सगळा गाव त्यांना जासूस मिस्त्री म्हणे. हे नाव पहिल्यांदा कोणी काढलं, याचाही त्यांनी तपास लावला होता म्हणतात.

त्यांचं दुकान म्हणजे बसथांब्यामागे सागाच्या फळ्यांचा एक आडोसा. जुन्या फटफट्या, फवारणीचे पंप, लाकूड कापायच्या मशिनी अशा टू-स्ट्रोक इंजिनांचा त्या भागातला हा शेवटचा वैद्य. कंपनीच्या सीलबंद डब्यातलं तेलसुद्धा ते आधी तळहातावर चोळून बघत आणि माझ्याकडे डोळा बारीक करून म्हणत, "हे पयले कोनाच्या तरी गाडीत जाऊन आलं वाटते." चहावाल्याने समोर धरलेला कप ते कधी घेत नसत, शेजारचा उचलत. चहावाला तीस वर्षांचा दोस्त होता, पण दोस्ती वेगळी आणि चहा वेगळा.

सगळ्यात जास्त संशय त्यांचा थेंबावर. "तेल लय चालू चीज हाये भाऊ. निघते एकीकडून, टपकते दुसरीकडून. जिथी थेंब दिसते, तिथी चोर नसतेच." म्हणून ते इंजिन आधी रॉकेलने लख्ख धूत, पुसून कोरडं करत आणि वर चेहऱ्याला लावायची पावडर शिंपडत. मग इंजिन चालू करून समोर उकिडवे बसत. पांढऱ्या पावडरीत पहिली काळी रेघ जिथे उमटेल, तिथे गळती. घरी त्यांची बायको, आमच्या वहिनी, वैतागायच्या. "माया पावडरचा डब्बा साऱ्या गावाच्या मशिनीले. मले लगनाले जाताना बुडाशी राह्यलेली भेटते." आणि काम झालं, की ते मुलीच्या नेलपॉलिशने नटावर, झाकणावर एक लाल रेघ ओढत. रेघ तुटली की कुणाचा तरी हात लागला, एवढं साधं.

मी तेव्हा चंद्रपूरहून येऊन तिथल्याच एका मालकाच्या आलापल्लीतल्या रोपवाटिकेवर व्यवस्थापक होतो. मालकांनी कुठून तरी जुनी, चार फुगीर चाकांची टू-स्ट्रोक फटफटी आणली होती. मजूर तिला कासव म्हणत. पावसाळ्यात तिथल्या काळ्या चिखलात कासवसुद्धा रुतायचं, म्हणून जूनमध्ये मिस्त्रींच्या हातून सगळं तपासून, पेट्रोलमध्ये मिसळून जळणाऱ्या तेलाची वेगळी टाकी काठोकाठ भरून ते शेडमध्ये ठेवलं. कुलपाची एक चावी माझ्याकडे, दुसरी राखणदार कवडूकडे.

दिवाळीच्या आधी शेड उघडली तर पांढुरक्या प्लास्टिकमधून आरपार दिसत होतं, तेलाची टाकी रिकामी. खाली सिमेंटची फरशी, तिच्यावर एक डाग नाही. तेल गळलं असतं तर सांडलं असतं, आणि सांडलं नाही म्हणजे कोणीतरी नेलं. माझा हिशेब असा सरळ होता. त्यात कवडूच्या सायकलची साखळी माझ्या डोळ्यात भरली. चार महिन्यांच्या पावसानंतर सगळ्यांच्या साखळ्या गंजून लाल झालेल्या आणि याची तेवढी चकचकीत.

बाजाराचा दिवस होता. बसथांब्याजवळच्या त्या टपरीवर कवडू दिसला आणि मी चारचौघांत विचारलं, "कवडू, टाकीतलं तेल कुठं गेलं?"

"मी तेल पेलो का साहेब?" तो म्हणाला. लोक हसले.

"मग तुझ्या सायकलनं प्यायलं असेल," मी म्हणालो. लोक आणखी मोठ्याने हसले. मलाही आपल्या बोलण्याचं कौतुक वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडू चावी परत करायला आला. बसला नाही. "नोकरी गेली तं जाऊ द्या साहेब. पन पोरीची सोयरीक जुडून राह्यली. पाव्हने पुढच्या आठोड्यात येऊन राह्यले. चोराच्या घरची पोरगी कोन करन?" मशीन चालू होऊ दे, मग बघू, असं काहीतरी बोलून मी त्याला वाटेला लावलं आणि मिस्त्रींना बोलावणं धाडलं.

मिस्त्री आले, कवडूही सायकलवरून आला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "चावी कोनापाशी असते?"

"कवडूकडे."

"दुसरी?"

"माझ्याकडे."

"मंग दोघंबी बाजूले उभे राहा."

कासवाभोवती दोन फेऱ्या झाल्या. "किक मारली होती का?"

"नाही," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

"मंग किकच्या रबरावर हे बुटाची माती कोनाची? कवडू तं चप्पल घालते." मी कबूल केलं. किक खाली जाईना म्हणून मी तिच्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो होतो. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "आतला रॉड वाकला असता भाऊ. मशीन सांगून राह्यली का पोट भरलं हाये, अन् तुम्ही तिच्या उरावर नाचून राह्यले."

मग त्यांनी मला टाकीचं झाकण दाखवलं. जूनमधली लाल रेघ जशीच्या तशी होती. नळीच्या जोडावरचीही शाबूत. टाकी कुणी उघडलीच नव्हती. त्यांनी प्लग काढला आणि किक हाताने हळूच दाबली. प्लगच्या भोकातून हिरवट तेलाची जी पिचकारी उडाली, ती थेट माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"घ्या तुमचं तेल," मिस्त्री म्हणाले. टाकी वर आणि इंजिन खाली. मधल्या पंपात तेल अडवून धरणारी वाटाण्याएवढी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. ती स्प्रिंग मेली होती. मशीन चालू असती तर तेल जळून गेलं असतं. ती चार महिने उभी, आणि तेल थेंबथेंब तिच्या पोटात उतरत राहिलेलं. पोट भरल्यावर उरलेलं सायलेन्सरात. बाहेर डाग पडणार कसा?

स्प्रिंग बदलून, पोट रिकामं करून त्यांनी मशीन चालू केली. शेड धुराने भरून गेली. धूर ओसरल्यावर पावडर शिंपडली आणि समोर बसले. काळी रेघ उमटली ती फक्त सायलेन्सरच्या जोडाशी, आतलं साचलेलं निघत होतं तेवढीच. बाकी इंजिन शेवटपर्यंत पांढरंशुभ्र. तरी त्यांचं समाधान होईना. उठून कवडूच्या सायकलपाशी गेले, साखळीला बोट लावलं, हुंगलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. "मोहाच्या बियांचं तेल हाये हे. घरी काढते याची बाई. अख्खं गाव अंगाले लावते, हा साखळीलेबी लावते. तुमाले चंदरपूरवाल्याले काय समजन?"

मी म्हणालो, "बरं झालं. मी कवडूला चावी परत देतो, जाऊ दे विषय."

"आळ कुठी लावला?"

"टपरीवर."

"मंग काढाचाबी तिथीच." हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते भद्रावतीला एका गॅरेजात होते. तिथे पान्यांचा संच हरवला. मालकाने सगळ्यांसमोर त्यांची थैली उलटी केली. "काई निघालं नाई. पन थैली उलटी केली ना, माणूस चोर झाला. गाव सोडलं मी. अजून कोनी तो आळ काढला नाई भाऊ."

त्या संध्याकाळी मी टपरीवर उभा राहून माझी चूक सगळ्यांना सांगितली आणि चावी कवडूसमोर बाकावर ठेवली. मिस्त्री माझ्या पाठीशी उभे होते. कवडूने ती उचलली आणि खिशात टाकली. फाल्गुनात त्याच्या मुलीचं लग्न झालं. मी आणि मिस्त्री दोघंही तिथे जेवलो. मिस्त्रींनी वरण आधी हुंगलं.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. तेरवीला मी गेलो होतो. पंगत उठल्यावर भद्रावतीहून आलेला एक थकलेला म्हातारा काठी टेकत उभा राहिला. तो त्या गॅरेजचा मालक. "तो पान्यायचा सेट," तो म्हणाला, "ड्रमाच्या मांगं भेटला होता. दुसऱ्याच वर्षी."

मिस्त्रींच्या मुलीने एवढंच विचारलं, "बाबाले काऊन नाई सांगितलं?"

"लाज वाटली माय," म्हातारा म्हणाला.

सगळ्यांना त्याचा राग आला. मला येईना. चूक कबूल करायला निघालो त्या संध्याकाळी टपरीच्या अलीकडे माझेही पाय थांबले होते. चावी गुपचूप कवडूच्या घरी टाकून द्यावी, असं मनात पक्कं झालं होतं. वळलो तर मागे मिस्त्री उभे. त्यांनी मला वळू दिलं नाही. त्या म्हाताऱ्याच्या मागे तेव्हा कोणी उभं नव्हतं.