गोठवणीनंतरचं बटण

तिला सगळे थांबाताई म्हणत. तोंडावरही. तिचं अर्धं काम लोकांना थांबवण्याचंच होतं, त्यामुळे तिला त्याचं वाईट वाटायचं नाही.

सकाळी ती वाचनालयात पुस्तकं द्यायची-घ्यायची. दुपारी घरी येऊन जेवण उरकलं की दुसरी नोकरी सुरू, बिनपगारी. पत्रकं, पुस्तिका, छोटी मासिकं जुळवण्याचा एक फुकट प्रोग्राम होता. तो कुठल्या कंपनीचा नव्हता. जगभर विखुरलेली पन्नासेक हौशी माणसं तो बनवत. कोण काय बदलतंय हे थांबाताई बघायची. सगळ्यांचे तुकडे एकत्र करून तीन प्रकारच्या कम्प्युटरांसाठी प्रोग्राम तयार करणारं यंत्रही तिच्याच टेबलाखाली घरघरत असे. त्याचं नाव गिरणी.

नवी आवृत्ती यायच्या महिनाभर आधी पडदा गोठायचा. म्हणजे बटण हलवायचं नाही, शब्द बदलायचा नाही. कारण एकतीस भाषांतल्या भाषांतरकारांना शब्द पक्के हवेत आणि मास्तरांना पडद्याची चित्रं. मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर. प्रोग्रामचं मार्गदर्शक पुस्तक ते एकहाती लिहीत. गोठवणीनंतर काही बदलायचंच असेल, तर मागणाऱ्याखेरीज दोघांचा होकार लागे. या खेपेला थांबाताईने अकरा जणांना नाही म्हटलं होतं.

"ताई, फक्त एक रंग! एवढुस्सा!" पडद्याची मांडणी करणारा चित्रकार फोनवर गळा काढायचा. "डोळे मिटून हो म्हण ना."

"डोळे मिटून रंग बघू कसा? थांबा."

गोठवणीच्या चौथ्या दिवशी ती चहा घेऊन वडिलांच्या खोलीत गेली. अप्पांनी जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले होते. आता जुन्या सहकाऱ्यांसाठी चार पानांचं पत्रक काढत, याच प्रोग्रामवर. नवी आवृत्ती चाचणीसाठी तिनेच तिथे घालून दिली होती.

"अप्पा, हे पान काल झालं होतं ना?"

"झालं होतं. आज तिसऱ्यांदा करतोय."

तिने बघितलं. अप्पांनी जतन करायला बाण नेला, हात थरथरला, बाण शेजारच्या बटणावर सरकला. ते बटण 'मूळ प्रत आणा'चं. शेवटचं जतन केल्यानंतरचं सगळं एका दाबात साफ, परत मिळायची सोय नाही. आधी ही दोन बटणं दूर होती. नव्या आवृत्तीत चित्रकाराने ती शेजारी आणली.

"कधीपासून होतंय हे?"

"झाला असेल महिना."

"आणि बोलला नाहीत?"

"तू कामात. शिवाय मला वाटलं, माझाच हात वाईट."

चहा तिच्याच हातात निवला. या मांडणीवर तिने सहा आठवडे जगभरातून मतं मागवली होती. मधली भिंत ओलांडून या खोलीत मात्र ती आली नव्हती.

तिने रीतसर अर्ज लिहिला: दोन बटणांत अंतर हवं, माझ्या वडिलांचा हात सरकतो. लपवलं काही नाही.

"थांबा, ताई, थांबा!" चित्रकाराने हुबेहूब तिचा आवाज काढला. मनसोक्त हसून झाल्यावर म्हणाला, "चूक माझी आहे. माझा होकार."

मास्तर हसले नाहीत. "बासष्ट चित्रं पुन्हा काढावी लागतील, बाई. आणि त्या अकरा जणांना काय सांगणार? ते तुमचे वडील नव्हते म्हणून नाही?"

मास्तरांच्या जागी ती असती तर हेच बोलली असती.

"किती जणांचा हात सरकतो, ते सांगा," मास्तर म्हणाले. "एकाचाच असेल, तर माझा नकार."

तिने प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या ईमेल-यादीवर साधा प्रश्न टाकला. दोन दिवसांत सव्वीस उत्तरं आली. एक शिवणकामवाली, एक पाद्री, एक हात प्लास्टरमध्ये असलेला वार्ताहर. बहुतेकांनी शेवटी एकच लिहिलं होतं: मला वाटलं, माझंच चुकतंय.

मास्तरांनी ती सगळी वाचली. "होकार. पण चित्रं तुम्ही काढायची."

चित्रकाराने बटणं दूर केली. गिरणीने दोन प्रकार सुरळीत दळले आणि तिसऱ्यावर लाल दिवा लावला: एका यादीत बटणाची जुनी जागा राहून गेली होती. ती दुरुस्त करून पुन्हा चाळीस मिनिटं घरघर. मग तीन दुपारी बसून बासष्ट चित्रं. त्याच बैठकीत तिने ते अकरा अर्जही उघडले आणि प्रत्येकाखाली लिहिलं, 'हा त्रास आणखी कुणाला होतो?' हे तिने आधी एकालाही विचारलं नव्हतं.

नवी प्रत अप्पांच्या कम्प्युटरवर चढली. अप्पांनी बाण नेला, हात सरकला, बाण मोकळ्या जागेत थांबला. पुन्हा नेला. पान जतन झालं.

अप्पा चष्मा वर करून पडद्याकडे बघत राहिले. "मधली जागा जरा जास्त झाली गं. डोळ्याला खुपते."

"अप्पा! आता काही हलणार नाही. काय खुपतं ते गोठवणीआधी सांगायचंत!"

"तू विचारलं होतंस?"

तिने शेजारची खुर्ची ओढली, कागद पुढ्यात घेतला. "सांगा. आणखी काय काय खुपतं?"