शिक्क्याचं पान

मंगळवार पेठेतल्या वाचनालयात आकाराम बाइंडिंग करायचा. पुस्तकाची पानं गळाली की तो दुसऱ्या प्रतीवरून ती हाताने उतरवायचा, खळीने चिकटवायचा आणि वर वाचनालयाचा जांभळा शिक्का मारायचा. शिक्का बसला की ते पान छापील पानाच्या बरोबरीचं, असा तिथला रिवाज. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे गडी जरा शेफारलाच होता.

एकाहत्तर साली 'डिटेक्टिव्ह सर्जेराव' मालेच्या सव्विसाव्या भागाची शेवटची आठ पानं गेली. दुसरी प्रत नव्हती, पण गोष्ट आकारामने वाचलेली होती. सर्जेराव कड्यावरून पडून मरतो आणि माला तिथंच संपते. आकारामला ते काही पटेना. त्याने सर्जेरावला झाडाच्या फांदीला अडकवून जिवंत ठेवला आणि बिनदिक्कत शिक्का मारला. म्हणे वाचकांना वाईट वाटू नये! खरं तर लेखक व्हायची हौस त्याला स्वतःलाच होती.

ते पुस्तक पहिल्यांदा नेलं शालूबाईने. ती मुलींच्या शाळेत शिपाई. चाळिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली आणि याच मालेवर वाचायला लागली.

पुस्तक परत आलं, त्या रविवारी वाचनालयाच्या कट्ट्यावर हंबीरराव नावाचे निवृत्त कारकून सर्जेराव गेला म्हणून हळहळत होते.

"मेला न्हाई त्यो," शालूबाई म्हणाली. "फांदीला अडकलाय. मी वाचलंय की."

"मी इकत घेऊन वाचलंय. छापलेलं खोटं व्हय?"

"आन् शिक्क्याचं खोटं आसतंय? आकाराम, काढ की पुस्तक."

पुस्तक आकारामच्या पुढ्यातच होतं, फळीखाली दाबाला ठेवलेलं. "बाहेर गेलंय," तो म्हणाला.

हंबीरराव हसले. "शालूबाई, आजून जोडाक्षरं जुळवून वाचताय न्हवं? चुकलं आसंल कुठंतरी." सगळा कट्टा हसला. शालूबाईने पदर सारखा केला. "आसंल," ती म्हणाली आणि गेली. आकाराम तोंडात मिठाची गुळणी धरून खळ ढवळत राहिला.

पुढचे दोन रविवार ती फिरकली नाही. आकारामला अन्न गोड लागेना. स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. शेवटी पुस्तक काखेत मारून तो तिच्या खोलीवर गेला. शालूबाई उंबऱ्यात पहिलीचं पुस्तक घेऊन बसली होती आणि बोट ठेवून 'कमळ' वाचत होती.

"परत पयल्यापास्नं धरलंय," ती ओशाळून म्हणाली. "आपलं वाचणं कच्चंच हाय, बाबा."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं आकारामला झालं. त्याने ते पान उघडून तिच्यापुढे धरलं. "मावशी, हे मी माझ्या मनानं लिवलंय. हंबीररावांचं बरोबर हाय. आन् त्या दिवशी पुस्तक माझ्याजवळच व्हतं."

ती पान मांडीवर घेऊन पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली. फांदीपाशी आली, थांबली, तेवढी ओळ पुन्हा वाचली. आता शिव्या बसणार म्हणून आकाराम मान खाली घालून उभा होता. त्या बसल्या असत्या तर त्याला हलकं तरी वाटलं असतं.

शालूबाईचे डोळे भरून आले. "म्हंजी मी बरोबर वाचलंतं," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठली.