शिफ्टवरचं वजन

"काय लिवलंय ते वाचा तर खरं," असं म्हणत भाऊसाहेब समोरच्याच्या हातातला कागद काढूनच घ्यायचे. भेळ संपली की पुडीचा कागद झटकून वाचणारा, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर उन्हात धरून लावणारा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. आमचे भाऊसाहेब त्यातले.

काष्टीला माझा तीन कॉम्प्युटरचा क्लास होता आणि ते दूध संघाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. डावा हात लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात कोपरापासून गेलेला. पण उजव्या हाताने टाइपरायटर असा बडवायचे, की दोन हातवाल्यांनी लाजावं. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. महिन्याभरात शिका, नाहीतर गेटवर बसा, असं साहेबांनी सांगून टाकलं.

"गेटवर बसन्यात कमीपना न्हाई सर," ते क्लासला शिकायला आले तेव्हा मला म्हणाले. "पर मला टायपिंग येतंय. येतंय ते का सोडायचं?"

अडचण शिफ्टच्या कळीची होती. मराठी टाइप करताना दर दोन-तीन अक्षरांमागे ती एका हाताने दाबून धरून दुसऱ्या हाताने अक्षर दाबावं लागतं. टाइपरायटरवर शिफ्ट अडकवून ठेवायची सोय असते. इथलं कॅप्स लॉक निम्म्याच अक्षरांना चालायचं. तीन आठवडे गेले. खरं सांगतो, मी मनातून हात टेकले होते.

एका बाजाराच्या दिवशी त्यांनी किराणा दुकानातून शंभर ग्रॅमचं वजन मागून आणलं आणि उजव्या शिफ्टवर ठेवलं. काही सेकंदांत मशीन ओरडलं आणि पडद्यावर एक चौकट उघडली.

"आधी ते उचला. बिघडेल," मी धावलो आणि चौकट बंद करायला गेलो.

त्यांनी माझं मनगट धरलं. "थांबा की. ते कायतरी इचारतंय. वाचा."

वाचलं. इंग्रजीतून ते विचारत होतं, की कळा दाबायला त्रास होतोय का, काही बदलून हवंय का. आत शिरलो, तर एक सोय सापडली. शिफ्ट दाबून सोडून दिली, तरी पुढचं अक्षर येईपर्यंत मशीन ती लक्षात ठेवायचं. त्या सोयींचं चाकाच्या खुर्चीचं चित्र मी पडद्यावर रोज बघत होतो. दवाखान्यांसाठी असेल, असं समजून कधी उघडलंच नव्हतं. त्याची मला आजही लाज वाटते.

भाऊसाहेबांनी वजन उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे हे बनवताना कुनीतरी माझा इचार केल्ता. कोन असंल वो?"

पुढचे चार दिवस टायपिंग बाजूला ठेवून ते एकेक सोय उघडून बघत बसले. आवाजाऐवजी पडदा चमकायला लागला, तेव्हा म्हणाले, "हे ऐकू न येनाऱ्याचं." महिना संपत आला होता, म्हणून मीच घाबरून त्यांना टायपिंगला बसवलं.

ऑफिसात परीक्षा घेताना साहेब म्हणाले, "तुम्हाला अर्धंच पत्र चालेल."

"पुरं घ्या साहेब." पत्र पुरं झालं आणि खुर्ची राहिली.

दोन-तीन वर्षांनी प्रिंटर बघायला मी त्या ऑफिसात गेलो. भाऊसाहेब निवृत्त होऊन पुणतांब्याला मुलीकडे गेले होते. जाताना त्यांनी मला कळवलंही नव्हतं. वाईट वाटलं. त्यांच्या खुर्चीवर एक धडधाकट क्लार्क टाइप करत होता. शिफ्ट दाबायची, सोडायची, मग अक्षर. सगळं एकाच हाताने. दुसऱ्या हातात चहाचा कप.

मी बघत राहिलो, तसा तो म्हणाला, "भाऊसाहेबांनी शिकवलंय. चहा निवत न्हाई."