पहिल्या बाकावरच्या मॅडम

ऐरोलीतल्या रविवारच्या एआयच्या क्लासला आम्ही सगळे तिशीच्या आतले आयटीवाले. पहिल्या बाकावर मात्र पांढऱ्या केसांच्या एक मॅडम बसायच्या. त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. इथे शिकलेलं सोमवारी आपल्या पोरांना शिकवायच्या. आमचे तरुण सर आत आले की त्या एकट्याच उठून उभ्या राहायच्या. सर ओशाळून म्हणायचे, "मॅडम, बसा ना प्लीज." ते त्यांचेच जुने विद्यार्थी.

मी एकदा विचारलं, "तुम्हाला ऑड नाही वाटत?"

"ऑड कसलं? पहिला प्रोग्राम त्याला मी शिकवला. तो माझ्या पुढे गेला नसता, तर वाटलं असतं."

शेवटच्या दिवशी मॅडमनी सरांना दारात गाठलं. "मस्त शिकवलंस. पण स्क्रीनशी नको, पोरांशी बोलत जा."

आमच्या सरांनी नकळत हाताची घडी घातली. "हो मॅडम."