चौकात लागलेला माझा संकल्प

नव्या वर्षाचे संकल्प लिहायला मला बँकेतून फुकट मिळालेली डायरीच लागते. विकतच्या डायरीत खोटं लिहायला हात धजत नाही. गेल्या पाच-सहा डायऱ्यांची पहिली पानं बघितली तर सगळी एकाच दिवशी लिहिलीत असं वाटेल. पहाटे रंकाळा तलावाला फेरी, रोज दहा पानं वाचन, घरात आवाज चढवायचा नाही. दुसरं पान प्रत्येकीत कोरं. तिसऱ्यापासून बायकोनं लोणच्याची मापं उतरवून घेतलेली.

यंदा मात्र एकच ओळ लिहिली. तंबाखू बंद.

झालं होतं असं, की डिसेंबरात दाढ दुखायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायको सोबत होती. बाईंनी दाढेकडे बघितलं न बघितलं आणि डाव्या गालाच्या आत बॅटरी मारून बसल्या. मग माझ्या हातात छोटा आरसा दिला. गालाच्या आतल्या बाजूला नखाएवढा पांढरा डाग होता.

"तंबाखू इथंच धरता ना?"

तीस वर्षं तिथंच. दुसऱ्या गालाला मी कधी संधीच दिली नव्हती.

"दीड महिना पूर्ण बंद ठेवा. मग बघू. डाग तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

तुकडा हा शब्द त्यांनी बर्फीचा असावा इतक्या सहज उच्चारला. शेजारच्या खुर्चीत बायकोनंही तो ऐकला.

मी शाळेत भूगोल शिकवतो. अक्षर बरं आहे, त्यामुळं शाळेच्या फाटकावरची 'तंबाखूमुक्त परिसर' ही पाटी मीच रंगवलेली आहे. रंगवताना गालात तंबाखूचा बार भरलेला होता, हेही सांगून टाकतो.

एकतीस डिसेंबरला संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर मी संकल्प जाहीर केला. चारचौघांत सांगितलं की माणूस लाजेनं तरी पाळतो, असं कुठंतरी वाचलं होतं. ज्यानं ते लिहिलं तो कोल्हापूरचा नसावा. डागाचं मात्र बोललो नाही. आजाराला भिऊन सोडतोय म्हणण्यापेक्षा मनानं सोडतोय म्हणण्यात जरा रुबाब होता.

"सहज कोण सोडतंय व्हय?" शाळेपासूनचा मित्र म्हणाला. हा आमच्या तालमीचा सगळा कारभार बघतो. "वैनी काय बोलल्या काय?"

"तिचा काय संबंध न्हाय. मनानं ठरवलंय."

"तुझ्या मनाला वळखतोय की मी, मास्तर."

आमच्याकडं म्हैस शर्यतीत पहिली आली तरी तिचा फोटो चौकात लागतो, हे मी विसरलो होतो. तीन तारखेला सकाळी शाळेला निघालो तर चौकात सहा फुटी बोर्ड. 'तंबाखूला कायमचा रामराम. मास्तरांच्या धाडसी निर्णयास मानाचा मुजरा.' फोटो गणपतीच्या मिरवणुकीतला. फेटा बांधलेला, छाती काढलेली आणि डावा गाल टम्म फुगलेला. खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो. त्यातले नऊजण तंबाखू खाणारे.

पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, वर्गात गोदावरी अरबी समुद्राला नेऊन सोडली, आणि शाळा सुटल्यावर पाय आपोआप पानपट्टीकडं वळले. पानपट्टीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मग चौकाकडं बघितलं.

"मास्तर, वाचलाय की बोर्ड. बडीशेप देऊ?"

दुसऱ्या पेठेत गेलो, तिथंही तेच. शेवटी स्कूटर काढली आणि शहराबाहेर कळंब्याला गेलो, जिथं तलाव आहे आणि जेलही. तिथल्या टपरीवर मला कुणी ओळखत नव्हतं.

"काय पावणं, लई लांबनं आलाय जणू," टपरीवाला पुडी देत म्हणाला.

तलावाच्या काठाला बसून चुना लावून तंबाखू मळली, बार भरला. पहिल्या क्षणी डोकं हलकं झालं आणि दुसऱ्या क्षणी जीभ आपोआप त्या डागाकडं गेली. पाण्यावर बगळे होते. त्यांच्याकडं बघत मी थुंकलो, चूळ भरली आणि हे शेवटचं असं स्वतःला सांगितलं. असं शेवटचं मी जानेवारीत चार वेळा केलं.

"कळंब्याला सारखं काय काम निघतंय?" बायकोनं विचारलं.

"चालायला जातो."

"स्कूटरवरनं?"

त्यावर मी आवाज चढवला. म्हणजे डायरीतला जुना संकल्पही गेला.

चौथ्या वेळी कुणीतरी बघितलं. संध्याकाळी कट्ट्यावर पोचलो तर मित्र माझी वाटच बघत होता.

"मास्तर कळंब्याला गेलतं म्हणं. जेलात न्हवं, टपरीवर."

सगळे खदखदून हसले. मग त्यानं खिशातली पुडी काढली, मळली आणि चिमूट माझ्यापुढं धरली. "घे. तुझ्यानं हुईत न्हाय. सकाळी उतरवतो बोर्ड. कशाला जिवाला तरास."

त्यात टोमणा होता, पण मायाही होती. माझा हात पुढं गेला. तळहातावर चिमूट पडली. ती तोंडाकडं नेताना तो तुकडा शब्द आठवला, आणि आरशापेक्षा जास्त, तो ऐकताना बायकोनं मांडीवरच्या पर्सचा बंद कसा घट्ट धरला होता ते आठवलं.

"डाग हाय रं," मी म्हणालो. "गालात. डॉक्टर तुकडा काढायचा म्हणत्यात."

हसणं थांबलं. मित्रानं मोबाईलची बॅटरी लावली. "आ कर."

मी भर कट्ट्यावर आ केला. एकेकजण वाकून बघून गेला, जसे गणपतीचा देखावा बघतात. मित्रानं माझ्या तळहातावरची तंबाखू फुंकून उडवली आणि म्हणाला, "हे आदी सांगाय काय झालतं तुला?"

त्या दिवसापासून बोर्डाची नव्हे, या लोकांची दहशत बसली. चहा पितानासुद्धा कुणीतरी माझ्या गालाकडं बघत असायचं.

फेब्रुवारीत दवाखान्यात गेलो तेव्हा बायको होती आणि मित्रही, बोलावलं नसताना.

"पूर्ण बंद होतं ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हो म्हणायला काहीच अडचण नव्हती. बायको माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं बघत होती.

"चार वेळा खाल्ली," मी म्हणालो. "कळंब्याला जाऊन."

बायकोनं मान हलवली. तिला आकडासुद्धा माहीत असावा.

बाईंनी बराच वेळ बघितलं. "फिकट झालाय. गेलेला नाही. आणखी एक महिना बघू, पण आता एकदाही नाही. तोवर गेला नाही तर तुकडा घेणार, तेव्हा तक्रार करायची नाही."

मी खुर्चीतून उतरलो. हायसं वाटलं, पण पूर्ण नाही. एक महिना अजून होता. तेवढ्यात मित्र पुढं आला आणि कुणी न विचारता खुर्चीत जाऊन बसला.

"मॅडम, माझा बी गाल बघा की एकदा. आलोयच तर."

त्यानं आ केला. बाईंनी दिवा वळवला. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून थोड्या वेळानं मीच विचारलं, "ह्याचं काय, मॅडम?"

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "नीट बघू दे."

बायको पुढं येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. आम्ही दोघं थांबलो.