राडोयेच्या पायावर झालेली वायरींची परीक्षा

लेस्कोव्हाट्स गावातल्या कापडगिरणीत विदोसावा एकतीस वर्षं सूत तोडायच्या नोकरीत होती. सूत ताणायचं, पिळायचं, घासायचं आणि कितव्या झटक्याला तुटलं ते लिहून ठेवायचं. गिरणी बंद पडली, तरी हाताची खोड गेली नाही. बसमध्ये शेजारच्या माणसाचं बटण सैल दिसलं की ती ओढून बघणारच. राडोये मागणी घालायला आला, तेव्हा तिनं आधी त्याच्या कोटाची बाही ओढली, ती शिवणीपासून सुटून हातात आली. "कोट टाकाऊ आहे," ती आईला म्हणाली, "पण आतला खांदा बरा दिसतोय." झालं लग्न.

दर रविवारी दुपारी, सूप वाढून झालं की व्हिएन्नाहून लेक नेवेन्का फोन करायची. गेल्या मार्चमध्ये ती म्हणाली, "आई, बाबा, एक गोड बातमी आहे, आम्ही दोघांनी—" आणि फोन मेला. चार्जिंगची वायर जोडलेली होती, पण तिच्यात जीव नव्हता. सहा महिन्यांतली ही चौथी. शेजारच्या यागोदाचा फोन मागून आणेपर्यंत राडोयेनं नातवाचं नावसुद्धा ठरवून टाकलं. बातमी अशी निघाली, की नेवेन्कानं मांजर आणलं होतं. ठरवलेलं नाव मग मांजरालाच द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी विदोसावा मेलेली वायर घेऊन ओग्न्येनच्या मोबाइलच्या दुकानात गेली.

"मावशी, तुम्ही तिला वाकवता," ओग्न्येन म्हणाला. "वाकवली की तुटणारच."

"वायर आहे ती बाळा, वाकणार नाही तर काय? इस्त्री करून कपाटात टांगू?"

"मग ही सोनेरी घ्या. जन्मभर टिकेल."

"कुणाच्या जन्मभर? माझ्या, का डासाच्या?"

सोनेरी घेतलीच, पण शिवाय एक पांढरी आणि एक काळीही घेतली. आता परीक्षा घ्यायची, तर वाकवायला यंत्र पाहिजे. गिरणीतली यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती. विचार करता करता तिची नजर सोफ्याकडे गेली. राडोये टीव्हीवर फुटबॉल बघत होता आणि त्याचा उजवा पाय चाळीस वर्षांच्या सवयीनं थडथड हलत होता. तिनं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला एकशे तीस.

"पाय पुढे कर."

"का?"

"कर म्हटलं ना."

वायरीचं एक टोक भिंतीतल्या चार्जरला, दुसरं फोनला आणि पिनेजवळची मान राडोयेच्या घोट्याला लोकरीनं बांधून तिनं समोर खुर्ची टाकली.

"विदा, मी माणूस आहे गं, यंत्र नाही!"

"यंत्राला राकियाचा पेला लागत नाही. बाकी फरक सांग."

पांढरी दोन हजार चारशेव्या झटक्याला गेली. काळी एकोणीसशेला. जन्मभराची सोनेरी मात्र पेनल्टी मिळाल्याबरोबर तीनशे अकराव्या झटक्यालाच गेली. राडोये म्हणाला, "गोल तरी होऊ द्यायचा होता तिनं."

तिन्ही वायरी एकाच जागी तुटल्या होत्या, पिनेला लागून, मानेपाशी. विदोसावानं त्या दिव्याखाली धरल्या आणि कपाळावर हात मारला. मोजा नेहमी टाचेतच विरतो, म्हणून टाचेला दुहेरी धागा घालतात. मग वायरीच्या मानेला का नाही? तिनं दुसरी पांढरी वायर आणून तिच्या मानेवर घट्ट दोऱ्याची पट्टी विणली आणि नवऱ्याच्या पायाला बांधली. तीन सामने झाले. आकडा पस्तीस हजारांवर गेला. वायर शाबूत राहिली, गुडघा सुजला.

"कशानं झालं?" दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वायरीशी झुंज होती," राडोये म्हणाला. "तिनं जिंकली."

बातमी इमारतभर पसरली. जो तो वायर विणून घ्यायला दारात. यागोदा मात्र रडवेली होऊन आली. वायर नवी होती, तरी फोन चार्ज होत नव्हता, आणि ओग्न्येननं नवा फोन घ्यायला सांगितलं होतं. विदोसावानं फोन बंद केला, भिंग डोळ्याला लावलं आणि चार्जिंगच्या भोकात लाकडी दातकोरणं हळूच फिरवलं. आधी कापसाचा बोळा आला. मग सूर्यफुलाच्या बीचं टरफल, मग तीळ आणि शेवटी भाजलेल्या मिरचीची साल.

"ही माझी नाही!" यागोदा ओरडली. "मी मिरची इतकी करपवत नाही."

फोन चार्ज होऊ लागला. विदोसावानं सगळा ऐवज काडेपेटीत भरला आणि तडक दुकान गाठलं. गिऱ्हाइकांनी दुकान भरलं होतं. तिनं काडेपेटी गल्ल्यावर ओतली.

"हा बघ तुझा बिघडलेला फोन. तुला नवा विकायचा होता, इथं नुसतं केर काढायचं काम होतं."

ओग्न्येन कानापर्यंत लाल झाला. गिऱ्हाइकं हसू लागली, त्यातले दोघेतिघे आपापल्या फोनचं भोक उजेडाकडे धरून बघू लागले. शेवटी ओग्न्येन हळूच म्हणाला, "मावशी, माझाही फोन परवापासून चार्ज होत नाहीये."

तिनं तिथंच उभ्या उभ्या दातकोरणं चालवलं. आत च्युइंगम निघालं.

तेव्हापासून दर गुरुवारी ती त्या दुकानात बसते. तिची अट एकच होती, ती ओग्न्येननं मान्य केली. प्रत्येक वायरीखाली चिठ्ठी लागली आहे: 'राडोयेच्या पायावर: २४००.' 'राडोयेच्या पायावर: ३११.' सोनेरी आता कुणी घेत नाही. राडोये बाजारात गेला की लोक आधी त्याच्या पायाकडे बघतात, मग तोंडाकडे, आणि हा गडी दोन्हीकडचे नमस्कार स्वीकारतो.

गेल्या गुरुवारी एक ट्रकवाला आला. त्याच्या फोनमधून माशाचं खवलं निघालं. विदोसावानं ते भिंगाखाली धरलं.

"कार्प?"

"ट्राउट," तो लाजून म्हणाला.

"मग खातोस तरी चांगला मासा," ती म्हणाली, "बस. कॉफी घे. अजून काटाही असेल."