स्लॅबखालचा ओटा

लातुरात भाड्याची खोली बघायला गेली तेव्हा शिवम्माने भाडं नंतर विचारलं, आधी मान वर करून छत बघितलं. वर पत्रे दिसले तशी म्हणाली, "हीच द्या बगा." घरमालकीण चकित झाली. उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो म्हणून लोक स्लॅबची खोली मागतात आणि ही बाई हौसेने पत्रे मागत होती.

तिचं सासर किल्लारीच्या अंगाला. घर दगडमातीचं, वर मातीचं जड माळवद. त्र्याण्णव साली गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंपात ते माळवद खाली आलं. नवरा गेला, सासू गेली. शिवम्मा एका आडव्या तुळईमुळे वाचली. कमरेपासून खाली दबलेली, तोंडात माती. जवानांनी तिला ओढून काढलं तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. मुलगा मन्मथ मामाकडे उदगीरला होता म्हणून राहिला. पुढे सरकारने नवं गाव वसवलं, सिमेंटचं घर दिलं. शिवम्मा त्यात सामान ठेवायची आणि स्वतः अंगणात निजायची, पाऊस आला की बाजेवर ताडपत्री ओढून. लोक आधी हळहळले, मग वैतागले, मग हसायला लागले. हसणं सुरू झालं तसं तिने पोराचं बोट धरून लातूर गाठलं.

शहरात तेव्हा शिकवणीचे क्लास उगवत होते. आधी गल्लीत एक, मग गल्लीभर, मग अख्खा रस्ताच क्लासचा झाला. भोकर, किनवट, कुठकुठून पोरंपोरी डॉक्टर व्हायला यायची आणि सकाळच्या बॅचला उपाशीपोटी पळायची. चार घरची धुणीभांडी करून झाल्यावर शिवम्माने एक जुनी हातगाडी घेतली आणि त्या रस्त्यावर कडुलिंबाच्या झाडाखाली सुशीला करायला लागली. भिजवलेले मुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, वरून डाळ्याचं कूट. बॅच सुटली की गाडीला गराडा पडायचा.

"मावशी, तिखट कमी."

"कमी म्हनं! घरला आई साखर घालती का?" असं म्हणत ती मूठभर शेंगदाणे जास्तच टाकायची. वर फक्त आभाळ आणि लिंबाच्या फांद्या. त्या झाडाखाली तिला छातीभर श्वास घेता यायचा. मन्मथ त्याच गाडीवर वाढला, शिकला, पुण्याला कंपनीत लागला.

शेजारी चांदपाशाचा चहा. त्याचं घराणं पिढ्यानपिढ्या भांड्यांना कल्हई करणारं. स्टील आलं, कल्हई बसली, मग त्याने किटली धरली. तो तिला अक्का म्हणायचा, ती त्याला भाऊ. पालिकेचा अतिक्रमण हटवणारा ट्रक आला की आधी तिची गाडी गल्लीत ढकलायचा आणि मग स्वतःची. कधी जमायचं, कधी नाही. एकदा तिची कढई, शेगडी, शिजलेली सुशीला, सगळं ट्रकात गेलं. ती ट्रकामागे पळाली नाही. रस्त्यावर सांडलेले मुरमुरे गोळा करत बसली.

अशात फेरीवाल्यांचा कायदा आला. चांदपाशा कुठून तरी त्याची मराठी प्रत घेऊन आला आणि चहा गाळता गाळता सगळ्यांना वाचून दाखवू लागला. "अक्का, आता आपुन चोर न्हाई. आपली मोजणी व्हनार, परमानपत्र मिळनार. त्याच्याबिगर कुनाला उठवता येत न्हाई."

मोजणीची माणसं आली. शिवम्माला गाडीमागे उभं करून फोटो काढला, अंगठा यंत्रावर ठेवून घेतला. त्या दिवशी तिने जवळच्या सगळ्या पोरांना फुकट खाऊ घातलं. मग मात्र सगळं थंड. समिती व्हायची होती, समितीची निवडणूक व्हायची होती, निवडणुकीची यादी दुरुस्त व्हायची होती. साहेब बदलले. टाळेबंदीत क्लास बंद पडले, पोरं गावी गेली, उघडल्यावर परत आली. फेरीवाल्यांची संघटना झाली; मोर्चा, निवेदन, उपोषण, सगळ्यांत चांदपाशा पुढे आणि त्याच्यामागे शिवम्मा.

शेवटी प्रमाणपत्रं निघाली. मंडप घातला होता, हार होते. शिवम्माला फोटोचं कार्ड मिळालं, ते तिने पदराने पुसलं. मग साहेब माइकवर म्हणाले, क्लासचा रस्ता आजपासून ना-फेरीवाला क्षेत्र. वाहतुकीला अडथळा होतो, विद्यार्थ्यांच्या जिवाला धोका. सगळ्या फेरीवाल्यांना नव्या व्यापारी संकुलात तळमजल्यावर पक्के ओटे दिले आहेत. ऊन नाही, पाऊस नाही.

टाळ्या पडल्या. चांदपाशानेही टाळ्या वाजवल्या, पण वाजवता वाजवता त्याची नजर शिवम्माकडे गेली आणि हात थांबले.

तरी ती गेली. एवढी वर्षं भांडून मिळालेली जागा, जायला नको? जाडजूड खांब, बुटकं छत, वर तीन मजल्यांचं ओझं. तिच्या नावाचा ओटा आत, कोपऱ्यात होता. चांदपाशाने आपला दाराजवळचा तिला दिला. तिने शेगडी पेटवली, फोडणी घातली. डोळे मात्र वरच. फोडणी जळून गेली तरी तिला वास आला नाही.

रोज यायची. घशात माती आल्यासारखं व्हायचं, पाणी पिऊन परत उभी राहायची. गिऱ्हाईक तर नव्हतंच. दोन बॅचच्या मधल्या सुट्टीत एवढ्या लांब कोण येणार? एक दिवस बाहेरून भरलेला टिप्पर गेला आणि फरशी थरथरली. शिवम्माने झारा टाकला आणि ओरडत पळाली, "भाइर या! भाइर या समदे!" रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मागे वळून पाहिलं तर कुणीच बाहेर आलं नव्हतं. चांदपाशा तेवढा तिच्याकडे चालत येत होता, तिची चप्पल हातात घेऊन.

दुसऱ्या दिवशी दोघं कचेरीत गेली. साहेब वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, ऐकून घेतलं.

"मावशी, छप्पर पाहिजे अशी मागणी तुमच्याच संघटनेची होती."

चांदपाशाने मान खाली घातली.

"मला उघड्यावर कुठंबी द्या, साहेब. नाल्याच्या कडंला द्या."

"मंजूर क्षेत्राच्या बाहेर देता येत नाही."

"मग माझा ओटा ह्याला द्या."

"हस्तांतर करता येत नाही. धारक मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला, तरच वारसाच्या नावावर होतं. तसं काही आहे का?"

शिवम्मा म्हणाली, "म्या एकदा गाडून निघाले, साहेब. ते धरता येतंय का?"

साहेबाने कागदांची चळत सारखी केली. "डॉक्टरचा दाखला आणा," म्हणाला. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने नाडी बघितली, रक्तदाब बघितला, तक्रार ऐकली आणि लिहून दिलं की प्रकृती ठीक आहे.

तिने परत लिंबाखाली टोपली मांडली. दोन-तीन पोरी धावत आल्या, "मावशी, कुठं होता?" तेवढ्यात ट्रक आला. या वेळी मात्र वेगळं होतं. आधी ती नुसती अतिक्रमण करणारी होती. आता कार्डधारक असून नेमून दिलेली जागा सोडून बसलेली. तिच्या कार्डाचा नंबर लिहून घेतला गेला. टोपली गेली. पुढच्या महिन्यात झाडही गेलं, रस्ता रुंद करायला.

मन्मथ पुण्याहून आला, म्हणाला, "चल की माझ्याकडं." त्याचं घर चौथ्या मजल्यावर. "येते की," म्हणाली आणि गेली नाही.

आता ती मुलींच्या एका मेसमध्ये भाकरी करते. मागच्या परसात, पत्र्याच्या शेडखाली, चुलीपुढे, दाराकडे पाठ करून बसलेली. पोरी आत जेवतात. भाकरी कुणाच्या हातची ते त्यांना ठाऊक नाही. चांदपाशाचा ओट्यावरचा धंदाही बसला. संकुलाच्या तळमजल्यात आता क्लासच्या पोरांच्या स्कूटर लागतात आणि तो त्यांना चिठ्ठ्या देतो.

पावसाळ्याच्या तोंडाला तो मेसवर आला. तिच्या ओट्याच्या पत्त्यावर आलेला कागद त्याच्या खिशात होता. तो उभ्यानेच वाचत गेला. नेमून दिलेल्या जागेचा वापर न करता ती स्वतःहून सोडल्यामुळे आपले प्रमाणपत्र रद्द करण्यात येत आहे.

"काय म्हनलास? सोताहून?"

"हाव अक्का. स्वतःहून."

"परत वाच."

त्याने परत वाचलं. आतून मालकिणीने हाक मारली, पहिली पंगत बसली होती. शिवम्माने पिठाचा हात पुढे केला, कागद घेतला, तो परातीच्या बाजूला ठेवला आणि पुढची भाकरी थापायला घेतली. चांदपाशा स्कूटरच्या चिठ्ठ्या द्यायला परत गेला.